उधारीचा हिशोब एकाच जागी ठेवा

इंझोरीसारख्या गावातल्या कृषी केंद्रासाठी ॲप बनवताय? मग बाकी काढायचं सूत्र प्रत्येक स्क्रीनवर वेगळं लिहू नका. एका ठिकाणी परत आलेला माल वजा केला, दुसरीकडे राहून गेला, की शेतकऱ्याला दोन आकडे दिसतात. मग भांडण ठरलेलंच!

रिडक्सच्या स्टोअरमध्ये फक्त बिलं, जमा आणि परत माल ठेवा. बाकी सिलेक्टरनं काढा आणि तो सिलेक्टर स्लाइसच्याच फाइलमध्ये लिहा. नोंदी वाढल्या की क्रिएट-सिलेक्टर वापरा. नोंदी बदलल्या नाहीत तर तो आधीचंच उत्तर देतो.

छोट्या ॲपला एवढं कशाला, असं म्हणाल. माझ्या मते छोट्या दुकानालाच याची जास्त गरज, कारण तिथं धंदा विश्वासावर चालतो. आजच कोड उघडा आणि बाकीचं सूत्र किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा.