समुद्राआधी विहीर बघा

मुंबई, ठाणे, डोंबिवलीत आयुष्य काढलेली कितीतरी माणसं निवृत्ती जवळ आली की एकच बेत करतात. इथली जागा विकायची, रायगडच्या किनाऱ्यावर घर घ्यायचं आणि उरलेल्या पैशात सुखाने राहायचं. मांडवा, किहीम, अलिबागचे भाव आता साध्या नोकरदाराला झेपत नाहीत. म्हणून लोक खाली मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडे वळतात. तिथे अजून हात पोचतो.

बेत चांगला आहे. तुमचाही असेल तर जरूर जा. पण समुद्र बघून घर ठरवू नका. पाणी, वाट, दवाखाना आणि शेजार बघून ठरवा. समुद्र कुठे पळून जात नाही.

पहिली गोष्ट, मुंबईची जागा लगेच विकू नका. ती भाड्याने द्या आणि त्या पैशात गावी भाड्याने राहा. मे महिन्यात जा, गणपतीपर्यंत राहा. डिसेंबरात किनाऱ्यावरचं प्रत्येक घर छानच दिसतं. खरी ओळख जून-जुलैत पटते.

तेव्हा पाऊस आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. कपडे वाळत नाहीत. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद होतात. म्हणून तिथल्या घरांत मे संपायच्या आत आगोट भरतात. तांदूळ, मसाला, सुकट, सुके बोंबील, सरपण, सगळं आधीच घरात येतं. शेजारणीला विचारून तुम्हीही भरा. हे दिवस तुम्हाला मानवले, तर बाकीचं वर्ष मानवेलच.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहीर मे महिन्यातच बघा. तेव्हा तिचा तळ दिसू लागतो. एक बादली स्वतः शेंदा, पाणी चाखा. मग त्याच पाण्यात तुरीची डाळ शिजायला टाका. पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजणार नाही. किनाऱ्यालगत उपसा फार झाला की जमिनीखालून खारं पाणी आत येतं. शेजारी मोठं रिसॉर्ट झालं आणि त्याने बोअर मारली, तर तुमची गोड विहीर मचूळ होऊ शकते. म्हणून आसपास काय बांधलं जाणार आहे, तेही विचारा. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. ग्रामपंचायतीचा नळ असेल, तर उन्हाळ्यात तो किती दिवसांआड येतो, हे शेजारच्या घरी विचारा. विकणाऱ्याला विचारू नका.

तिसरी गोष्ट वाटेची. चौल, रेवदंडा, दिवेआगर, श्रीवर्धनला घरं अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि मागे लांबट वाडी, अशी जुनी रचना आहे. आता त्या वाड्यांचे मागचे तुकडे विकले जातात. तुकडा तुमचा, पण तिथे पोचायची पायवाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते. आज तो हसून जाऊ देईल. उद्या त्याच्या मुलांनी कुंपण घातलं, तर सिमेंटची गोणी कुठून नेणार? आजाऱ्याला कसं बाहेर काढणार? वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

चौथी गोष्ट कागदांची. इथे घाई करू नका.

शेतजमीन असेल तर आधी स्वतःला विचारा, मी कायद्याने शेतकरी आहे का? महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुणी म्हणेल, शेतकरी दाखला काढून देतो. त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार बेकायदा ठरतो. पैसे जातात, जमीनही जाते.

सातबारा स्वतः काढा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. त्यावर किती नावं आहेत ती मोजा. गावचं घर बहुधा सामाईक असतं. काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्यांचा हिस्सा असू शकतो. एकाने सही केली म्हणून व्यवहार पुरा होत नाही. ‘भोगवटादार वर्ग 2’ असं लिहिलेलं दिसलं, तर सरकारी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. इतर हक्कात कर्ज किंवा कुळाचं नाव आहे का, तेही बघा.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टीची पावती मागा. पण घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. पूर्ण पैसे नोंदणीच्या दिवशीच द्या. नोटरीच्या कागदावर घर तुमचं होत नाही.

समुद्राला अगदी लागून असलेली जागा स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे, हे विचारा. भरतीरेषेजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. नवं बांधकाम सहसा करता येत नाही. ‘नंतर परवानगी मिळते’ या शब्दावर आयुष्याची पुंजी लावू नका.

पाचवी गोष्ट, जागा कशावर उभी आहे ते बघा. खारजमिनीजवळ असेल, तर बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी शेतात शिरतं. डोंगराच्या पोटाशी असेल, तर याच जिल्ह्यातली तळिये आणि इर्शाळवाडी आठवा. 2021 आणि 2023 च्या जुलैत दरड कोसळून तिथली घरंच्या घरं गाडली गेली. उताराला भेगा, झुकलेली झाडं, नव्याने फुटलेले झरे दिसले, तर ती जागा सोडा.

वाऱ्याचाही विचार करा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पत्रे उडाले. अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. म्हणून छपरावर ओणवलेला माड असेल तर त्याची व्यवस्था आधी करा. दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल लवकर गंजतात. डागडुजीचा खर्च दर वर्षीचा धरा. आणि वाडीच्या उत्पन्नावर संसार चालेल, असं धरून चालू नका. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला काही वर्षं जातात.

सहावी गोष्ट दवाखान्याची. घरापासून जवळचं सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे, हे गाडीत बसून प्रत्यक्ष बघा. दिवसा एकदा, रात्री पावसात एकदा. तुम्हाला डायलिसिस लागत असेल, हृदयाचा त्रास असेल, तर अलिबाग किंवा पनवेल हाताशी असलेलं गाव निवडा.

साप-विंचवाची तयारी ठेवा. रायगडात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचतात हे दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण वेळेवर पोचायला हवं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. चप्पल झटकून घाला.

सातवी गोष्ट पैशांची. मुंबईची जागा विकलीच, तर सगळे पैसे घरात ओतू नका. निदान तिसरा हिस्सा बँकेत राहू द्या. आजारपणाला आणि परत यायची वेळ आली तर त्याला तो लागेल.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांची. हा बेत दोघांचा आहे का? गावच्या घराचं काम बहुतेक वेळा बाईच्या अंगावर पडतं. त्यात समुद्र जवळ म्हटल्यावर दर शनिवारी पाहुणे येतात. तिला हे हवं आहे का, हे नीट विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका.

आणि एक अवघड गोष्ट आजच बोलून घ्या. दोघांपैकी एक मागे राहील, तेव्हा तो किंवा ती या घरात राहू शकेल का? म्हणून खरेदीखतावर दोघांचीही नावं घाला. एकटा बंगला दूर माळावर घेऊ नका. कोळीवाडा असो, आगरी पाडा असो की जुनी आळी, वस्तीत घर घ्या. गावदेवीच्या पालखीला, लग्नाला, मयताला जा. गावकीत वर्गणी वेळेवर द्या. गावाला शिकवायला जाऊ नका, आधी शिकून घ्या.

हाक मारली तर कुणी ओ देईल, इतक्या अंतरावर घर घ्या. समुद्र दहा मिनिटं चालून गाठता येतो. अडीअडचणीला धावून येणारा शेजारी दहा मिनिटं लांब असून चालत नाही.