आधी तेल, मग ट्यून

इंजिनिअरिंगला असताना आयसी इंजिन्सच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. 'एस. आय. इंजिनातील डिटोनेशनची कारणे व उपाय सविस्तर लिहा.' आठ मार्क. कारणं पाठ, उपाय पाठ, प्रेशर आणि क्रँक अँगलचा ग्राफ तर डोळे मिटून काढता यायचा. मग कॅम्पसला एका आयटी कंपनीने उचललं, जावा शिकवलं, आणि मेकॅनिकलची डिग्री आईने प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवली.

ते डिटोनेशन मला प्रत्यक्षात भेटलं गेल्या जुलैत. फ्रीमाँटहून सुनोलचा चढ चढताना, स्वतःच्या गाडीत. आणि तेसुद्धा कानाला नाही ऐकू आलं, नंतर लॉगमध्ये दिसलं. उणे २.८.

गाडी म्हणजे २०१६ची सुबारू डब्ल्यूआरएक्स. सेकंडहँड. दोन लिटरचं आडवं, बॉक्सर इंजिन, त्यावर टर्बो, २६८ हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि बॉनेटवर एक भलीमोठी नाकपुडी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ओळीने उभ्या असलेल्या गुळगुळीत इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ती लग्नात लेझीम घेऊन आलेल्या मामासारखी दिसते. असो.

या गाडीबद्दल मला लोक दोन प्रश्न विचारतात. एक, 'मायलेज किती देते?' (विचारू नका.) दोन, 'ट्यून केलीस का?' त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो. टर्बोची गाडी असेल तर तिची देखभाल घरी, स्वतःच्या हाताने करावी. ट्यूनिंग मात्र घरी करू नये, निदान पहिली दोन वर्षं तरी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. तेल बदलायला गाडी गॅरेजात पाठवतात आणि रात्री अकरा वाजता लॅपटॉप घेऊन बूस्ट वाढवत बसतात. मीही तेच केलं, म्हणून अधिकाराने बोलतोय.

तेलाचं आधी सांगतो, कारण लोकांना ते फार कंटाळवाणं वाटतं. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा एक्झॉस्टच्या वायूने फिरतो, दुसरा त्याच जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त वेळा फिरतो. तो कशावर टेकलेला असतो? तेलाच्या एका पातळ थरावर. बस. शेजारून पेट्रोल इंजिनाचा धूर जातो, ज्याचं तापमान ९०० अंशांच्या घरात जाऊ शकतं. आता या सगळ्यामध्ये तुमचं तेल जुनं झालेलं असेल, किंवा पातळी एक लिटरने खाली गेलेली असेल, तर तो दांडा किती दिवस सांभाळून घेईल?

आणि तेल खरंच खाली जातं. टर्बो इंजिन थोडं तेल पिणारच. त्यामुळे दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघायची सवय लावून घेतली आहे. पंपावरचे लोक माझ्याकडे बघतात, कारण इथे बॉनेट उघडलं म्हणजे गाडी बंद पडली असाच समज आहे.

तेल बदलणं हे काम सुबारूने या इंजिनात तरी फार प्रेमाने सोपं केलंय. फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेट उघडलं की समोर. गाडी पुढून उचलायची, स्टँडवर टेकवायची, खालचा १७ नंबरचा बोल्ट काढायचा, पाचेक लिटर काळं तेल परातीत उतरू द्यायचं, बोल्टला नवीन वॉशर लावायचा, वरून फिल्टर बदलायचा, नवीन ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ओतायचं. पहिल्यांदा मला तीन तास लागले. आता चहासकट पाऊण तास. यात एकच गोष्ट जिवावर बेतणारी आहे, आणि ती पन्नास वेळा सांगितली तरी कमीच: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही. 'एकच मिनिट' म्हणूनही नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड असतात. दोन स्टँडना लागणारे पैसे एका पिझ्झा पार्टीपेक्षा जास्त नसतात.

जुनं तेल गटारात ओतायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये. इथे ऑटो पार्टसच्या बऱ्याच दुकानांत ते फुकट घेतात. मी मात्र त्यातलं थोडं एका छोट्या बाटलीत भरून प्रयोगशाळेला पोस्टाने पाठवतो. दोन आठवड्यांत रिपोर्ट येतो: लोह किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती, तेलात पेट्रोल किती मिसळलंय. अगदी ब्लड रिपोर्टसारखा. माझा रूममेट याला वेडेपणा म्हणतो, पण प्रॉडक्शन सर्व्हरचे आलेख रोज बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या इंजिनाचा एकही आकडा बघू नये, हा मला जास्त मोठा वेडेपणा वाटतो.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाले, 'एवढं शिकून तिकडे जाऊन हेच करतोस?' मला हसू आलं. कारण सांगलीत आमच्या घरासमोर दर रविवारी सकाळी चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारा माणूस कोण होता? स्कूटर सुरू नाही झाली की ती उजवीकडे तिरकी करून परत उभी करणारा आणि मग किक मारणारा? तेव्हा ते काम होतं, गरज होती. आता मुलगा पैसे मिळवतो म्हटल्यावर हात काळे करणं त्यांना उतरण वाटते. आपल्याकडे हे फार खोल आहे. मेकॅनिकलच्या चार वर्षांत मी वर्कशॉपचा जॉब फाइलसाठी केला, पण चालत्या इंजिनाचा एक बोल्टही सोडवला नव्हता. आमच्या वर्गात सत्तर जण होते, त्यातल्या किती जणांनी सोडवला असेल? हाताने काम करतो तो 'मेकॅनिक' आणि कागदावर करतो तो 'इंजिनिअर', ही वाटणी कुणी केली कोण जाणे. त्यात तोटा इंजिनिअरचाच झाला.

आता ट्यूनिंग. टर्बोच्या गाडीत ताकद वाढवणं हे मोहात पाडण्याइतकं सोपं आहे, कारण बूस्ट किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या टेबलांमध्ये लिहिलेलं असतं. आकडे बदला, गाडी बदलली. पाना लागत नाही, नुसती ओबीडी पोर्टला एक केबल. आयटीवाल्याला याहून गोड काय असणार! जूनमध्ये एका मित्राच्या साहाय्याने मी तयार मिळणारा मॅप गाडीत चढवला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतरचा एक आठवडा मी दुकानातून दूध आणायलाही गाडी काढत होतो.

मग सुनोलचा चढ, जुलैची दुपार, तिसरा गिअर, पाय दाबलेला. घरी येऊन लॉग उघडला तर फीडबॅक नॉकच्या रकान्यात उणे १.४, उणे २.८. म्हणजे कॉम्प्युटरला नॉक ऐकू येत होता आणि तो घाबरून ठिणगी मागे मागे नेत होता. सुबारूत आणखी एक आकडा असतो, डॅम. तो एक असेल तर कॉम्प्युटरला पेट्रोलवर आणि इंजिनावर पूर्ण भरवसा आहे. माझा एकच्या खाली घसरला होता. स्वतःच्याच गाडीने आपल्यावर अविश्वास ठराव आणावा, तसं वाटलं.

नॉक म्हणजे काय ते थोडक्यात. ठिणगीने पेटवलेली ज्वाळा सिलिंडरभर शिस्तीत पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता फार झाली की कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्वाळा पोचायच्या आधीच आपोआप भडकतं. पिस्टनवर जणू हातोडा. फार वेळ चाललं तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, आणि मग काही हजार डॉलरचं नवीन इंजिन. माझ्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो १०.६, म्हणजे टर्बोच्या मानाने चांगलाच जास्त. वर कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं प्रीमियम पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, बऱ्याच राज्यांत मिळतं तसं ९३ नाही. (आपल्याकडचा ऑक्टेनचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात, तो याच पेट्रोलला चार-पाचने जास्त येईल. तुलना करताना फसू नका.)

माझी आठ मार्कांची उत्तरं आठवून मी कारणं शोधू लागलो. पेट्रोल खराब? पंप बदलला. ऊन जास्त? पहाटे साडेपाचला गेलो. मॅप वाईट? त्याचा कमी बूस्टवाला अवतार चढवला. आकडे थोडे सुधारले, पण गेले नाहीत. मी मॅपवरच संशय घेत राहिलो, कारण शेवटचा बदल तोच होता. ऑफिसमध्ये ज्युनिअर मुलं हेच करतात तेव्हा मी भाषण देतो की शेवटचं डिप्लॉयमेंट दोषी असेलच असं नाही, त्याने आधीचा बग फक्त उघडा पाडला असेल.

शेवटी प्लंबिंगच्या सामानातून एक पीव्हीसीचं टोपण आणलं, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, टर्बोच्या तोंडावर घट्ट लावलं आणि पंपाने हळूहळू दहा पीएसआय हवा भरली. दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याचा फवारा. गावातला पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, अगदी तेच. इंटरकूलरचा रबरी पाइप थ्रॉटल बॉडीला जिथे जोडलेला असतो, तिथे फेस आला. मे महिन्यात इंटरकूलर काढून त्याच्या जाळीतला कचरा मीच साफ केला होता, आणि परत बसवताना तो क्लँप मीच तिरका आवळला होता. कंपनीच्या सेटिंगवर गळती थोडी होती, इंजिन चालवून घेत होतं. बूस्ट वाढवल्यावर ती वाढली. मोजलेली हवा बाहेर सांडणार, ठरलेला दाब गाठायला टर्बो आणखी जोरात फिरणार, हवा आणखी तापणार, आणि तापलेली हवा म्हणजे नॉक. क्लँप सरळ केला. डॅम दोन दिवसांत परत एकवर.

म्हणजे चूक माझ्या ट्यूनिंगची नव्हतीच, माझ्या देखभालीची होती. तरीही मी म्हणतो, देखभाल घरीच करा. यात विसंगती वाटेल. पण मे महिन्यात मी तो इंटरकूलर उघडलाच नसता तर जुलैत मला तो पाइप कुठे आहे हेसुद्धा माहीत नसतं. मी लॅपटॉपवर आकडे खाली-वर करत एक दिवस पिस्टन फोडला असता आणि दोष पेट्रोलला दिला असता. गाडीचं अंग हाताला माहीत नसताना तिच्या डोक्यात हात घालणं, याला माझा विरोध आहे.

आता कायद्याचं. अमेरिकेत प्रदूषणाशी संबंधित कुठलीही यंत्रणा निकामी करणं क्लीन एअर ॲक्टप्रमाणे गुन्हा आहे, आणि कॅलिफोर्निया त्याहून कडक. १९ जुलै २०२१ पासून इथल्या स्मॉग चेकमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअरही तपासतात. प्रत्येक मॅपला स्वतःचा एक तपासणी क्रमांक असतो, आपल्या चेकसमसारखा. तो कंपनीच्या किंवा राज्याने मंजूर केलेल्या क्रमांकाशी जुळला नाही तर गाडी नापास. सरळ हॅश तपासतात! हे वाचल्यावर मला आधी राग आला आणि मग, खोटं कशाला बोलू, कौतुक वाटलं. माझा मॅप मंजूर नव्हता. चढवण्याआधी मी ते वाचायला हवं होतं, वाचलं नाही. त्यात 'माझ्या एका गाडीने काय होतंय' असं म्हणणारे सगळे मिळूनच तर धुकं करतात, आणि फ्रीमाँटच्या उन्हाळ्यात ते समोर दिसतं. ऑगस्टमध्ये कंपनीचा मूळ मॅप परत चढवला. तेव्हापासून २६८.

कमी वाटतात का? पहिला आठवडा वाटले. मग सवय झाली. तशीही इथल्या हायवेवर मर्यादा ताशी ६५ मैलांची आहे, आणि सकाळी आठ वाजता ६८० वर २६८ हॉर्सपॉवर आणि बैलगाडी यांत फारसा फरक पडत नाही. लॉग मात्र अजून काढतो. महिन्यातून एकदा, तोच चढ, तोच गिअर. शून्यांची लांबच लांब रांग बघायला मला जी मजा येते ती बूस्ट वाढवून आली नव्हती.

पुढचं मोठं काम डोळ्यांसमोर आहे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेकच्या व्हॉल्व्हवरून ते कधी जातच नाही, आणि न धुतल्यामुळे तिथे काजळीची पुटं चढतात. ती काढायचा चांगला उपाय म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या झोताने मारणं. टरफल काजळी खरवडतं पण धातूला ओरखडा पाडत नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागेल, भाड्याने कॉम्प्रेसर आणावा लागेल, दोन दिवस गाडी उघडी राहील. स्वतः करावं की गॅरेजला द्यावं, अजून ठरत नाही. आईला सांगितलं तर तिला वाटलं गाडीची पूजा वगैरे आहे. तिने विचारलं, 'अख्खे अक्रोड लागतात की तुकडे चालतात?'