विद्यार्थी संघटनेत का येत नाहीत?

तरुण वैद्यांना संघटनेविषयी आस्था उरलेली नाही, ही तक्रार आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येते. निदान न करता रुग्णालाच दोष देणाऱ्या वैद्यास आपण चांगला वैद्य म्हणत नाही. मग येथे तरी तसे का करावे?

गेल्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या एका आंतरवासी विद्यार्थ्यापुढे मी सभासदत्वाचे पावतीपुस्तक ठेवले. त्याने नम्रपणे विचारले, "सर, परिषदेची नोंदणी तर करावीच लागते. मग याचा वेगळा उपयोग काय?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही.

वस्तुतः उत्तर आहे. परिषद कायद्याने व्यवसायाचे नियमन करते. व्यावसायिकांची बाजू मांडणे हे संघटनेचे कार्य. १९०७ साली वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. मुंबई प्रांताचा वैद्यक व्यावसायिकांविषयीचा कायदा त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, १९३८ साली आला. अलीकडे नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या ५८ शस्त्रक्रियांसंबंधी अधिसूचना निघाली, तेव्हा ११ डिसेंबर रोजी आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशभर काम बंद ठेवून आपला विरोध प्रकट केला. संघटितांचा आवाज कसा पोहोचतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

परंतु हे विद्यार्थ्यास कोणी सांगावे? साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात संघटना त्याच्याकडे फिरकत नाही. पुढे परिसंवादात त्यास स्वागतकक्षात बसवितो, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यावयास लावतो आणि अखेरीस वर्गणी मागतो. ज्या घरात आपणांस केवळ पाणी देण्यापुरते बोलाविले जाते, ते घर आपले वाटत नाही.

माझ्या सूचना तीनच. आंतरवासितेच्या वर्षी वर्गणी नाममात्र असावी. प्रत्येक शाखेच्या कार्यकारिणीत दोन विद्यार्थ्यांना स्थान द्यावे, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. तिसरी सूचना ज्येष्ठ वैद्य व औषधनिर्मात्या सभासदांसाठी आहे: नवीन चिकित्सालयाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि रुग्णनोंदी यांविषयी वैद्यांनी मार्गदर्शन करावे, निर्मात्यांनी वर्षातून एक दिवस रसशाळेची दारे उघडून कच्च्या द्रव्यांची परीक्षा व आसवारिष्टांचे संधान प्रत्यक्ष दाखवावे.

त्या विद्यार्थ्याने अद्याप पावती घेतलेली नाही. पुढील बैठकीस मात्र मी त्यास सोबत नेणार आहे. या वेळी पुष्पगुच्छ देण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी.