घरचे क्रीम टिकते किती?

बदामतेल, मेण आणि गुलाबपाणी घोटून घरी केलेले कोल्ड क्रीम दिसते छान. पण काही दिवसांतच त्यावर बुरशी धरते. दोष गुलाबपाण्याचा. नुसते तेल-मेणाचे मलम महिनोन्‌महिने राहते, कारण पाण्याशिवाय बुरशी व जिवाणू वाढत नाहीत. व्हिटॅमिन ‘ई’ची कॅप्सूल घातली की क्रीम टिकते, हा अनेकींचा समज चुकीचा आहे. तिने तेल उशिरा खवट होते, इतकेच. म्हणून असे क्रीम थोडेच करावे, उकळून वाळवलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, कोरड्या चमच्याने काढावे आणि आठवडाभरात संपवावे. बुरशीचा थर काढून उरलेले वापरण्याची काटकसर तर मुळीच नको, डोळ्यांभोवती विशेषतः. बुरशी निदान दिसते, जिवाणू दिसत नाहीत.