विश्लेषण : बाळ पेटीतून घरी आले, पण श्वासाचे काय?

सातव्या महिन्यातच जन्मलेले बाळ महिना-दीड महिना रुग्णालयाच्या पेटीत काढून घरी येते, तेव्हा जिवावरचे संकट टळले असे घरादाराला वाटते. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरेही असते. काही बाळांच्या फुप्फुसांचा आजार मात्र त्यांच्याबरोबर घरी येतो. दूध ओढताना बाळ दमते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही. 'कमी दिवसांचे आहे, भरेल हळूहळू,' असे म्हणून घरचे वाट पाहतात. त्याच काळात बाळाचे हृदय थकत असण्याची शक्यता असते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अशी बाळे घरी गेल्यावर त्यांच्याकडे कोण पाहणार, हा म्हणूनच कळीचा प्रश्न आहे.

आजार नेमका काय?

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे मुदतपूर्व जन्म. जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातील होती. फुप्फुसांतील हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत वेगाने तयार होतात. त्याआधीच जन्मलेल्या बाळाला कृत्रिम श्वास आणि जादा ऑक्सिजन देऊन जगवावे लागते. पण अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांना त्याच उपचारांनी आणि जंतुसंसर्गाने इजाही होते, वायुकोशांची वाढ खुंटते. आईच्या शेवटच्या मासिक पाळीपासून मोजलेले ३६ आठवडे उलटूनही बाळाला ऑक्सिजन लागत असेल, तर डॉक्टर त्याला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, थोडक्यात 'बीपीडी' म्हणतात. १९६७ मध्ये अमेरिकेत विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे पहिल्यांदा वर्णन केले. पूर्वी अशी बाळे दगावत. आता ती वाचतात, म्हणूनच हा आजार अधिक दिसतो.

हृदयावर ताण का येतो?

वायुकोश कमी असले की त्यांच्याभोवतीच्या रक्तवाहिन्याही कमी असतात आणि आहेत त्यांच्या भिंती जाड होतात. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात. अरुंद वाटेने रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. हाच फुप्फुसातील उच्च रक्तदाब, अर्थात पल्मनरी हायपरटेन्शन. बीपीडी झालेल्या साधारण पाचातील एका बाळात तो आढळतो आणि मृत्यूचा धोका बराच वाढवतो. दंडाला पट्टा बांधून तो मोजता येत नाही. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको करावी लागते. लक्षणे न्यूमोनियासारखीच असल्याने ती न केल्यास आजार निसटतो.

उपचार आहेत का?

आहेत, आणि बहुतेक खर्चिक नाहीत. पहिला उपचार जन्माआधीच करायचा असतो. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान प्रसूतीची चिन्हे दिसली, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देण्याच्या सूचना केंद्र सरकारने २०१४ मध्येच दिल्या आहेत. दर १२ तासांनी एक अशी ही ४ इंजेक्शने असतात. या स्वस्त औषधाने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. जन्मानंतर शक्य असेल तिथे व्हेंटिलेटरऐवजी नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणारे सीपॅप, श्वासाला चालना देणारे कॅफिन, आईचे दूध आणि कांगारू पद्धतीने उराशी धरणे यांचा उपयोग होतो. उच्च रक्तदाब झालाच, तर रक्तातील ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली जाऊ न देणे हा मुख्य उपचार. गरजेनुसार सिल्डेनाफिलसारखी औषधे तज्ज्ञ देतात. जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षे नवे वायुकोश तयार होत राहतात. म्हणजे हा काळ सांभाळला, तर बहुतेक मुले सावरतात.

मग अडते कुठे?

अडते ते घरी गेल्यानंतर. नगरच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे, लोणीत प्रवरा वैद्यकीय संस्थेचे रुग्णालय आहे. पण अकोले तालुक्यातील आदिवासी पाड्यावरून नगर गाठायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. इकोसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, तान्ह्या बाळाला घेऊन एसटीने जायचे, हे प्रत्येक घराला जमत नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील अडचण वेगळी आहे. आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत भेटींची योजना आहे. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की उचल घेतलेले कुटुंब फडावर जाते आणि आशाताईंना दाराला कुलूप दिसते. बाळ तेव्हा चुलीच्या धुरात, थंडीत, कोपीत असते. या फुप्फुसांना सर्वाधिक घातक असलेला धूर आणि सर्दी-खोकल्याचा संसर्ग त्याला तिथेच भेटतो. घरी ऑक्सिजन देणारे यंत्र कोपीत चालवायला वीज नसते आणि पेटत्या चुलीजवळ ऑक्सिजन वापरणे धोक्याचे असते.

काय करता येईल?

बीपीडी असलेल्या प्रत्येक बाळाची इको घरी सोडण्यापूर्वी व्हावी आणि पुढच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीची आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था आहे, तिला या बाळांची यादी जोडता येईल. आशाताईंकडे ऑक्सिमीटर हवा, पण करोनाकाळात घरोघरी आलेला बोटाचा नव्हे. तान्ह्या बाळासाठी पायाला गुंडाळायचा छोटा प्रोब लागतो. कुटुंब स्थलांतर करणार असेल, तर त्याची माहिती कारखाना परिसरातील आरोग्य केंद्राला आधीच जायला हवी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने हे काम अंगावर घेतले, तर पैसा फार लागणार नाही.

घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. बाळाजवळ चूल, बिडी, अगरबत्तीचा धूर नको. लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या, 'कमी दिवसांचे आहे' म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. ओठ किंवा जीभ निळी पडणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध सोडणे, बाळ मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.

याच जिल्ह्यातील जामखेडमध्ये १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारसे न शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. घरोघरी जाणारी प्रशिक्षित बाई गावाचे आरोग्य बदलू शकते, हे त्यांनी दाखवले आणि ते पाहायला जगभरातून लोक आले. मुदतपूर्व बाळांसाठी नेमकी तीच गरज आज आहे. बाळाला पेटीत वाचवण्यावर सरकार खर्च करते. ते घरी गेल्यावर पहिली दोन वर्षे त्याच्या मागावर कोणी राहिले नाही, तर तो खर्च आणि आईने रुग्णालयात काढलेले दिवस दोन्ही वाया जाऊ शकतात. तपासणीची तारीख चुकली की चौकशी करायला कोणीतरी बाळापर्यंत, मग ते घरी असो वा फडावर, पोहोचले पाहिजे. ही जबाबदारी कोणाची, हे जिल्हा आरोग्य यंत्रणेने यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी ठरवायला हवे.