आधी आईचं वजन कार्डावर लिहा

मागच्या महिन्यात विहारातली वंदना संपल्यावर वस्तीतली एक सून आमच्यासाठी थांबली. हातात बचत गटाच्या कर्जाचा अर्ज होता आणि जामीन म्हणून आमच्यातल्या दोघींच्या सह्या हव्या होत्या. कारणाच्या रकान्यात तिनं ‘शिलाई मशीन’ लिहिलं होतं. मशीन घ्यायची नव्हती, हे तिनंच रडत रडत सांगितलं. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात तिला वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं होतं. खर्च साडेतीन लाख. थोडं गटाचं कर्ज, आईच्या कानातलं मोडून थोडं, आणि बाकी नवऱ्याच्या सेठकडून उचल, असा तिचा हिशेब होता.

लग्नात वजन ५४ किलो, बाळंतपणाला गेली तेव्हा ७६. लेकरू आता १४ महिन्यांचं आहे आणि वजन ८०. घरात तिला हाक मारताना नाव कमी आणि टोमणा जास्त असतो. नवरा लग्नकार्यात सोबत फोटो काढत नाही.

आम्ही सही केली नाही. पण ‘असलं ऑपरेशन करू नको’ असंही म्हटलं नाही. हे लिहायचं कारण एवढंच, की लासूर स्टेशनच्या वस्तीत हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आमच्याकडे आणखी तिघी-चौघी दबक्या आवाजात हेच विचारून गेल्या.

आधी एक गैरसमज. हे ऑपरेशन म्हणजे पोटावरची चरबी कापून काढणं नव्हे. आपल्याकडे जास्त केली जाते ती ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढतात. उरते ती केळ्यासारखी बारीक नळी. पोट लवकर भरतं, भूकही कमी लागते, म्हणून वजन उतरतं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बायपासमध्ये, आतड्याची वाटही बदलतात. ज्यांना साखर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा त्रास आहे, त्यांना यानं खरोखर फायदा होतो. हे औषधच आहे, श्रीमंतांचा शौक नाही. नितीन गडकरींनी २०११ साली ते करून घेतलं, ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. आपल्या वस्तीतल्या सुनेनं नुसतं विचारलं तर ती आळशी कशी ठरते?

आता रेषा कुठे आहे ते पाहू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की बीएमआय निघतो. या पोरीची उंची १५२ सेंटिमीटर, म्हणून तिचा बीएमआय ३४.६ येतो. आपल्याकडे बरीच वर्षं चालत आलेली रेषा अशी: दुसरा आजार नसेल तर ३७.५च्या पुढे, आणि साखर-बीपीसारखा आजार सोबत असेल तर ३२.५च्या पुढे ऑपरेशनचा विचार करायचा. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या जागतिक संघटनांनी ती आणखी खाली आणली, कारण आपल्या आशियाई शरीराला कमी वजनातच साखर गाठते. म्हणजे दवाखान्यानं तिला फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. ती रेषेच्या आसपासच आहे.

पण तिला जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलं नाही. पुढचं लेकरू हवं का? हवं, असं ती म्हणाली. मग या ऑपरेशननंतर किमान १२ ते १८ महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात, हे तिला माहीत नव्हतं. वजन उतरलं की दिवस लवकर राहतात, हेही नाही. पोटात वाढणाऱ्या लेकराला आईच्या रक्तातूनच सगळं मिळतं, आणि ऑपरेशननंतर लोह, बी-१२, कॅल्शियम अंगी कमी लागतं. गोळ्या जन्मभर, रक्ताच्या तपासण्या जन्मभर. साडेतीन लाखांत हा खर्च धरलेला नव्हता.

आणि रक्ताचं काय? तिचं हिमोग्लोबिन ९ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९–२१चे महाराष्ट्राचे आकडे पाहा: १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांचं रक्त कमी, आणि शंभरातल्या २३ जणींचं वजन जास्त. या दोन वेगळ्या बाया आहेत असं वाटतं. पण बऱ्याचदा ती एकच बाई असते. अंग भरलेलं आणि रक्त नाही. अशा बाईचं जठर कापण्याआधी तिचं रक्त भरायला नको का?

गरोदरपणात तिला साखर निघाली होती. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ती पुन्हा तपासायची असते आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी, कारण अशा बायांना पुढे कायमची साखर लागण्याचा धोका मोठा असतो. तिची १४ महिन्यांत एकदाही तपासली गेली नाही. थायरॉईड कुणी पाहिलं नाही; बाळंतपणानंतरच्या वर्षात ते बिघडू शकतं. पाळणा लांबवण्यासाठी ती दर तीन महिन्यांनी सरकारी ‘अंतरा’ इंजेक्शन घेते. त्यानं काही बायांचं वजन वाढतं. (म्हणून ते मनानं बंद करू नका. सिस्टरला विचारा, तांबीसारखा दुसरा उपाय आहे.) ऑपरेशनची रेषा गाठली की नाही, हे ज्या साखर-बीपीवर ठरणार, तेच कुणी पाहिलेलं नाही.

आमचं खरं भांडण इथे आहे. त्या पोरीनं घरून माता-बाल कार्ड आणून दाखवलं. गरोदरपणातलं प्रत्येक महिन्याचं वजन त्यावर आहे. बाळंतपण झालं आणि आईचा रकाना कोरा. सरकारी नियमानं आशाताई ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा घरी येते. त्यानंतर १५ महिन्यांपर्यंत येते ती लेकरासाठी. अंगणवाडीत लेकराचं वजन दर महिन्याला होतं आणि त्याला मांडीवर घेऊन आलेली आई तशीच परत जाते. साखर-बीपीची सरकारी तपासणी आहे, पण ती ३० वर्षांच्या पुढच्यांसाठी. आपल्या सुना २२व्या, २४व्या वर्षी दोन बाळंतपणं उरकतात. म्हणजे ४२ दिवसांपासून तिशीपर्यंत ही बाई कुणाच्याच वहीत नाही. वहीत येते ती थेट साडेतीन लाखांच्या अंदाजपत्रकात.

आशाताईला दोष देऊ नका, तिच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. मागणी वर करायची आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूनं बोलताना हेच मांडलं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. आम्ही मागतोय ते त्यापुढे फार लहान आहे: लेकराचा काटा असतो तिथेच आईसाठी एक काटा, आणि वर्षातून दोनदा रक्त-साखर.

घरातलंही बोलू. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तूप, खोबरं देण्यात चूक नाही. पण ते सव्वा महिन्याचं खाणं वर्षभर चालतं. आमच्या सासवा सव्वा महिन्यानं कापूस वेचायला जात, त्यांना ते पचायचं. आताची सून दोन खोल्यांत असते. दिवसाला पाच कप गोड चहा, लेकराचं उष्टं टाकायचं नाही म्हणून पोटात, आणि स्वतःचं जेवण सगळ्यांनंतर, रात्री दहाला. झोप तुकड्यातुकड्यांची. तिला खादाड म्हणण्याआधी एक दिवस तिच्या ताटाची वेळ पाहा.

कोसलराजा प्रसेनजिताची गोष्ट विहारात सगळ्यांनी ऐकली आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्ध हसले नाहीत, रागावले नाहीत. मात्रेनं खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजानं सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायचे त्याला शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगानं हलका झाला. आम्हाला नेहमी वाटतं, राजाचं जमलं कारण ताट वाढणारे दुसरे होते आणि आठवण द्यायला पगारी माणूस होता. आपली सून स्वतःच रांधते, स्वतःच वाढते आणि उरलेलं खाते. तिचा सुदर्शन कोण?

८० किलोच्या बाईचं चार ते आठ किलो वजन उतरलं तरी साखर-बीपीला फरक पडतो. त्याला लागतं काय? सकाळी पाऊण तास चालणं, चहातली साखर कमी, आठच्या आत जेवण, ताटात डाळ-अंडं-भाजी जास्त. अंगावर पाजत असाल तर उपाशी राहायचं नाही. पोटाला पट्टा बांधून चरबी वितळत नाही. आणि सकाळी शेक पाजणाऱ्या क्लबांच्या डब्यांत पैसे घालवण्यापेक्षा अंडी आणा. पण तो पाऊण तास तिला मिळायला लेकरू दुसऱ्या कुणाला धरावं लागतं, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं.

एवढं करून, वर्ष-दीड वर्ष जाऊन, रक्त भरून, पुढच्या लेकराचा निर्णय होऊन, तरी साखर-बीपी हटत नसेल आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणत असतील, तर तिनं ते करावं, मान वर करून. तेव्हा आम्ही सही करू, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहू. नवऱ्यानं फोटोत उभं राहावं म्हणून करणार असेल तर नाही.

त्या पोरीला घेऊन आमच्यातल्या दोघी घाटीत गेल्या. केसपेपर काढला, मेडिसिन आणि स्त्रीरोग अशा दोन्ही ओपीडीत दाखवलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. साखरेचा आणि थायरॉईडचा रिपोर्ट यायचा आहे. नवरा सोबत आला होता, लेकरू त्याच्याकडेच होतं. दुपारपर्यंत त्यानं दोनदा विचारलं, अजून किती वेळ. कर्जाचा अर्ज आमच्या रजिस्टरमध्ये घडी घालून ठेवला आहे. रिपोर्ट आले की तिच्या हातात परत देणार आहोत.