न जाणारा चट्टा

नडगीवर एखादा लालसर, खवलेदार चट्टा उठतो. तो दुखत नाही, फारसा खाजतही नाही. म्हणून इसब किंवा गजकर्ण समजून महिनोन्महिने मलम लावले जाते, आणि चट्टा सावकाश पसरत राहतो. बोस्टनचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन बोवेन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला ‘बोवेनचा आजार’ असाच दिसतो.

हा त्वचेच्या कर्करोगाचा अगदी आरंभीचा टप्पा होय. विकृत पेशी त्वचेच्या वरच्या थरातच असतात, खोल उतरलेल्या नसतात. दीर्घकाळचे ऊन हे त्याचे एक प्रमुख कारण. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत तो झाकलेल्या अंगावरही आढळतो.

निदानासाठी जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा तपासतात. मग फ्लुरोयुरासिलचे मलम, द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, खरवडणे किंवा छोटी शस्त्रक्रिया यांतून योग्य तो उपाय ठरतो. या मलमाने त्वचा लाल होऊन सोलवटते. ते अपेक्षितच असते, म्हणून घाबरून उपचार मध्येच सोडू नयेत.

उपचाराविना शंभरातील सुमारे तीन ते पाच जणांत हा आजार खोलवर जातो. देणे थोडे असतानाच चुकते करावे, हे व्यापारी घराला निराळे सांगावे लागत नाही. दोन महिन्यांत न गेलेला चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.